आंबोलीचा पाऊस आणि मोटारीचं उघडं छप्पर

आंबोली पाहायची ती मृगाच्या आधी, असं माझं ठाम मत आहे. भर पावसाळ्यात धबधब्यापेक्षा त्याच्याखालची गर्दीच जास्त दिसते. मे महिन्याच्या अखेरीस मात्र करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर झालेल्या असतात, जांभळांचा सडा पडलेला असतो आणि दुपार कलली की दरीतलं धुकं वर येऊन थेट अंगणात बसतं. सावंतवाडीहून तीसेक किलोमीटर, घाट चढून. नाहीतर आमच्यासारखं कोल्हापूरहून उत्तूर-आजऱ्यावरून. दोन्ही रस्ते छान.

फक्त मैत्रिणींनो, पंचांगावर विसंबू नका. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला ७०० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि तो कुणाला विचारून येत नाही. २०२५ साली तर मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला होता. ही गोष्ट सांगायचं कारण म्हणजे आमच्या मोटारीचं छप्पर.

हल्लीच्या गाड्यांना डोक्यावर सरकती काच असते, सनरूफ म्हणतात ते. मुलांचा त्यावर भारी जीव. चालत्या गाडीत त्यातून डोकं बाहेर काढणं आमच्या घरी साफ बंद आहे, पण गाडी उभी असताना आभाळ बघायला हरकत नसते. सकाळी आम्ही हिरण्यकेशीला गेलो. देवळाजवळ गुहेतून पाणी येतं, तोच नदीचा उगम. इथल्या कुंडात सापडलेल्या माशाच्या नव्या जातीला २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं नाव मिळालं आणि २०२१ साली ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तेवढा वेळ गाडी जांभळीखाली उभी होती.

यांच्या आत्याबाईंच्या अंगणात आल्यावर मुलांनी काच उघडली. उघडली ती उघडलीच! बंद करायला जावं तर चार बोटं उरली की थबके आणि उलटी मागे जाई. तिकडे पश्चिमेला आभाळ काळंठिक्कर. ह्यांनी दुरुस्ती केंद्रात फोन लावला. “गाडी सोमवारी आणा, कदाचित आतलं सगळं बदलावं लागेल,” असं उत्तर आलं. आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, “पाऊस आदी येतलो गो, तुमचो मेकॅनिक मागसून!”

मग मी पदर खोचला. बटण दाबल्यावर मोटरचा घूं घूं आवाज येत होता, म्हणजे वीज पोचत होती. मुळीच आवाज नसता, तर आधी फ्यूज पाहिला असता. आणि काच उलटी मागे जाते ती बिघाड म्हणून नव्हे. मध्ये काही अडकल्याचं जाणवलं की कुणाची बोटं चेमटू नयेत म्हणून तिनं तसंच करायचं असतं. तेव्हा काहीतरी अडलेलं होतं एवढं नक्की.

गाडी बंद करून किल्ली आत्याबाईंच्या कमरेला दिली, कारण हात आत असताना एखाद्या बाळाने बटण दाबलं तर संपलंच. स्टुलावर चढून टॉर्चने पाहिलं. काचेच्या दोन्ही बाजूंना पन्हळीसारखी खाच असते, तिच्यातून काच सरकते. त्या खाचेत लाल धूळ, वाळकी पानं आणि जांभळाचा चिकट गर, त्यात एक बी रुतून बसलेली! जुना टूथब्रश, ओलं फडकं आणि काडीला गुंडाळलेला कापूस एवढ्या सामानावर अर्ध्या तासात खाच लख्ख झाली. सुरी घालू नये, ओरखडे पडतात. ह्यांनी खोबरेल तेलाची बाटली पुढे केली, ती मी परत पाठवली. तेलावर धूळ बसते, मग त्याचं मेण होतं.

किल्ली परत मागून बटण दाबलं. काच हळूहळू आली आणि बसली. तरी एका दाबात पूर्ण बंद होईना. गाडीच्या माहितीपुस्तकात त्याचा उपाय होता: काच मिटल्यावरही बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे तिला आपली हद्द पुन्हा कळते. प्रत्येक गाडीची रीत वेगळी, तेव्हा पुस्तक पाहिल्याशिवाय करू नये. त्या वेळी काच बोटं अडकली तरी थांबेलच असं नाही, म्हणून हात लांब. काही गाड्यांत वरच्या दिव्याच्या झाकणामागे षट्कोनी चावी घालून काच हाताने फिरवायची सोय असते. नसेल तर उगाच उचकटू नये.

एवढ्यात आत्याबाईंचा गडी शिडी लावून कौलांच्या पन्हळीतला पाला काढताना दिसला आणि मला आठवलं, याही छपराला पन्हळी आहेत. काचेभोवतीचं रबर सगळं पाणी अडवत नाही. झिरपलेलं पाणी खालच्या पन्हळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीखाली पडतं. नळी तुंबली की छताचं अस्तर भिजतं आणि आपण काचेला दोष देतो. काच पुन्हा उघडून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत वाटी वाटी पाणी ओतलं. उजवीकडचं पुढच्या चाकाजवळ ठिबकलं, डावीकडचं तिथेच साचून राहिलं. तार घातली तर नळी फाटते आणि जोराची हवा मारली तर सांध्यातून निसटते. शेजारच्या मुलाकडे गळाची जाड नायलॉनची दोरी होती. तिचं टोक गोल करून हलकेच फिरवत घातलं, तेव्हा मातीचा गोळा सुटून पाणी भळभळा वाहिलं.

काच लावून घरात आले. आठ वाजता पाऊस लागला तो पहाटेपर्यंत. सकाळी गाडीत हात फिरवून पाहिला, गाद्या खडखडीत कोरड्या. उतरताना सावंतवाडीला हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉन ग्रीसची ट्यूब घेतली आणि मोती तलावाच्या काठी गाडी उभी करून खाचांना बोटभर पातळ हात दिला. मुलं तोवर चितारआळीत लाकडी भोवरे निवडत होती.