पाव ब्रास वाळू

पाळणाघरात वाळूचा हौद ठेवायचा की नाही, हा प्रश्न खरं तर मोरीपाशी सुटतो. मूल वाळूत रमणारच, ते त्याला कुणी शिकवावं लागत नाही. प्रश्न असतो तो खेळून उठलेल्या मुलाचा. बोटांच्या बेचक्यांत, कानामागे, डायपरच्या कडेला आणि तेल लावलेल्या केसांच्या मुळाशी वाळू घेऊन आठ-दहा मुलं एकदम घरात शिरली, की फरशी करकरते, गाद्या खरखरीत होतात आणि न्हाणी ट्रॅप तुंबतो. पुष्कळ जणी इथेच हात टेकतात. हौदावर फळी पडते, फळीवर कुंड्या येतात. मला ते बघवत नाही. हौदातून निघालेली वाळू दारापर्यंत कुठल्या वाटेने जाणार आणि वाटेत कुठे कुठे गळून पडणार, एवढं आपण आधी ठरवलं, तर हौदाच्या आत मुलाला मोकळं सोडता येतं. गेली कित्येक वर्षं माझं पाळणाघर या एका गोष्टीवर चाललं आहे.

आमचं घर कोथरूडला, तळमजल्यावर, मागे छोटंसं अंगण. तिथला हौद सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि फूटभर खोल आहे. म्हणजे 24 घनफूट. बांधकामवाले वाळू ब्रासवर मोजतात, 100 घनफुटांचा एक ब्रास. त्या हिशेबाने आम्हाला पाव ब्रास पुरते. ऐकायला थोडी वाटते, पण वजन टनाच्या पुढे जातं. टेम्पोवाल्याने ती फाटकाशी ओतली, की घमेल्यांनी आत वाहताना कंबर बोलायला लागते.

वाळू कुठली घ्यायची, यात अर्धं काम आहे. पुण्याकडे पूर्वी भीमेची वाळू दौंड-इंदापूरच्या बाजूने सर्रास यायची. आता उपशावर निर्बंध आहेत आणि बांधकामावर बहुतेक ठिकाणी क्रश सँड दिसते. खाणीतला काळा दगड फोडून केलेली ही वाळू सिमेंटला चांगली धरते, कारण तिचे कण टोकदार असतात. रांगणाऱ्या मुलाच्या गुडघ्यांना तेच टोक बोचतं. शिवाय तिच्यातली भुकटी नाकातोंडात जाते. नदीच्या पाण्यात वाहत येताना कणांच्या कडा घासल्या जातात, म्हणून ती वाळू हाताला मऊ लागते. समुद्राची वाळू नको. ती खारट असते, ओल धरून ठेवते आणि नाजूक कातडी चुरचुरते.

वाळू घेण्याआधी मी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात मूठभर वाळू ढवळते. थोड्या वेळात पाणी निवळलं तर घ्यायची, गढूळच राहिलं तर तिच्यात माती जास्त आहे असं समजायचं. आणल्यावर ती धुवायची, चाळायची आणि उन्हात पसरायची. मग ती वर्षानुवर्षं टिकते, दर वर्षी वरून चार घमेली घातली की झालं. नद्यांची पात्रं ओरबाडली जात असताना मुलांच्या खेळासाठी घेतलेली वाळू तरी आपण जपून वापरायला हवी.

हौदाच्या तळाशी खडीचा थर आहे, त्यावर शेडनेटचं कापड आणि मग वाळू. त्यामुळे पाणी खाली निचरतं आणि खडी वर येत नाही. झाकायलाही शेडनेटच, चारही बाजूंनी घट्ट ताणलेली. ताडपत्रीखाली हवा खेळत नाही, वाळू कुबट होते. मात्र झाकण हवंच. मांजराला मोकळी वाळू दिसली की ते हमखास तिथे जातं, आणि मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मासारखा परजीवी किंवा गोलकृमींची अंडी वाळूत येऊ शकतात. टोक्सोप्लाझ्मा विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोज सकाळी न चुकता दाताळं फिरवून पाहणं उपयोगाचं ठरतं. काही सापडलं तर भोवतालच्या वाळूसकट काढून टाकायचं. शनिवारी आमच्या मावशी आणि मी सगळी वाळू खालवर करतो, चाळतो आणि दिवसभर उघडी ठेवून ऊन देतो. हौदाजवळ खाऊ न्यायचा नाही हेही पक्कं आहे. बिस्किटाचा चुरा पडला की लाल मुंग्या आल्याच.

एवढी तयारी कशासाठी, हे हौदाच्या काठावर बसल्याशिवाय कळत नाही. दीड वर्षाचं मूल वाळू मुठीत धरतं, ती निसटते, ते पुन्हा धरतं आणि मधूनच तोंडात घालून पाहतं. त्याच्या अगदी शेजारी मोठं माणूस बसलेलं हवं. दोन वर्षांचं मूल भरतं आणि ओततं, भरतं आणि ओततं. ते काही बनवत नाही म्हणून त्याला बनवून दाखवायची घाई करू नये. तिसऱ्या वर्षी साचे येतात, चौथ्या वर्षी बोगदे, रस्ते आणि गोष्टी. शेजारी-शेजारी आपापलं खेळणारी दोन मुलं कधीतरी एकमेकांच्या बोगद्यात हात घालतात, आत बोटांना बोटं लागतात आणि तिथून दोघांचा मिळून खेळ सुरू होतो.

मागे अडीच वर्षांची एक मुलगी पुऱ्या तळायच्या जुन्या झाऱ्यात वाळू घेऊन बसली होती. कोरडी वाळू भोकांतून झरझर खाली जायची, ती पाहायची आणि पुन्हा भरायची. मग तिने हौदाच्या दुसऱ्या कोपऱ्यातली ओली वाळू घेतली. झारा हलवला, आपटला, उलटा धरून खालून पाहिलं. “काकू, पडत नाही!” मी म्हटलं, “हो गं, का बरं?” तिने उत्तर दिलं नाही. उठून कोरडी मूठ आणली आणि ओल्या वाळूवर घातली. कोरडी थोडी गळली, थोडी चिकटून राहिली. पुढचा अर्धा तास ती हेच करत होती. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा बारीक थेंब अडकतो आणि त्याचा पृष्ठताण कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. पाणी फार झालं की मधली हवा जाते, ओढ संपते आणि किल्ला ढासळतो. हे तिला शब्दांत कळायला आणखी दहा-बारा वर्षं लागतील, पण हाताला त्या दिवशी कळलं. म्हणून पाणी मी देते, पण मोजून. एक बादली भरून ठेवायची, प्रत्येकाला एक छोटा तांब्या. बादली संपली की त्या दिवसाचं पाणी संपलं. नळ मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये.

खेळणी विकत आणायची गरज पडत नाही. गाळणी, पळी, डाव, फुटका नसलेला कुठलाही पेला, जुनं इडलीपात्र, घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या आणि मोदकाचा साचा. ओल्या वाळूचा मोदक कळ्यांसकट सुटला की चार वर्षांच्या मुलाची मान ताठ होते. धार असलेलं, गंजलेलं किंवा गिळता येईल इतकं छोटं काही हौदात जाऊ द्यायचं नाही.

नियम दोनच ठेवले आहेत. वाळू पोटाच्या वर न्यायची नाही आणि भांड्यातून हौदाबाहेर न्यायची नाही. फेकणारं मूल असतंच. त्याला रागावून काही होत नाही, कारण त्या वयात त्याच्या हाताला फेकायचंच असतं. त्याला भिंतीजवळ नेऊन कापडी चेंडू आणि टोपली द्यायची आणि पोटभर फेकू द्यायचं. दोन-चार दिवसांत ते चेंडू आणि वाळू यांत फरक करायला लागतं. डोळ्यात कण गेलाच तर आधी मुलाचे हात धरायचे. चोळलं की बुबुळाला ओरखडा येऊ शकतो. स्वच्छ पाण्याची सावकाश धार सोडायची. तरीही डोळा लाल राहिला किंवा मूल तो उघडेना, तर डॉक्टरांकडे जायचं.

आता परतीची वाट. खेळ पाऊण तासाचा असेल तर आवरायला वीस मिनिटं लागतात, आणि ती वेळापत्रकात लिहिलेली असतात. घाईत हे काम होत नाही. पहिला थांबा हौदाचा काठ. तिथे बसून दोन्ही पाय आतल्या बाजूला धरायचे आणि तळवे एकमेकांवर घासायचे. दुसरा थांबा तागाचं पोतं. त्यावर उभं राहून उड्या मारायच्या, चड्डी झटकायची, खिसे उलटे करायचे. उड्या मारायला सगळ्यांनाच आवडतं, त्यामुळे इथे कुणी मागे राहत नाही. तिसरा थांबा मऊ ब्रश. ओल्या अंगावरची वाळू पाण्याने घासायला गेलं तर ती सरकते, पण सुटत नाही. पाच मिनिटं वाऱ्यावर बसवलं की पाणी उडून जातं, चिकटवणारं काही उरत नाही आणि ब्रशच्या एका हाताने पोटरी साफ होते. टाल्कम पावडरने वाळू चटकन सुटते, पण तिची भुकटी मुलांच्या श्वासात जाते, म्हणून मी ती वापरत नाही. चौथा थांबा पाण्याचा टब. हातपाय टबातच धुवायचे, मोरीत नाही. टब रात्रभर तसाच ठेवला की वाळू तळाशी बसते. सकाळी वरचं पाणी झाडांना जातं आणि तळची वाळू हौदात परत.

केसांचं वेगळं आहे. सकाळी चपचपीत तेल लावून पाठवलेल्या डोक्यात वाळू बसली की ती संध्याकाळपर्यंत हलत नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळीच आईबाबांना सांगते, तेल रात्री लावा आणि टोपी किंवा रुमाल बरोबर द्या. वाळूचे कपडे वेगळे हवेत. सुती, बिनखिशाचे, पायाशी दुमड नसलेले. घरी नेल्यावर आधी गॅलरीत कोरडे झटका, मग बादलीत खळबळा, आणि नंतरच वॉशिंग मशीनमध्ये टाका. हे पहिल्या दिवशी नीट सांगितलं की तक्रारी येत नाहीत. उलट एखादी आई रविवारी फोन करते, “काकू, तो आज बागेतून आल्यावर आपणहून पायपुसण्यावर उड्या मारतोय.” त्या फोनने मला जो आनंद होतो, तो कुठल्याही कौतुकाने होत नाही.

या खेळाला मोठा वारसा आहे. बर्लिनमध्ये मुलांसाठी ठेवलेले वाळूचे ढीग मारी झाक्रशेव्हस्का या डॉक्टर बाईंनी पाहिले आणि त्यांच्या सुचवण्यावरून 1885 मध्ये बॉस्टनच्या दाट वस्तीत एका प्रार्थनाघराच्या अंगणात वाळू टाकली गेली. अमेरिकेतल्या सार्वजनिक क्रीडांगणांची सुरुवात तिथून मानतात. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवायची. चुकलं तर हात फिरवला की पाटी कोरी. पुढे ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि तिथे त्यांनी व अनुताई वाघांनी परिसरातल्या बिया, शंख-शिंपले, पानं, माती हेच शिक्षणाचं साहित्य मानलं. महागड्या साहित्यावाचून बालशिक्षण अडत नाही, हे त्यांनी आदिवासी पाड्यांवर प्रत्यक्ष काम करून दाखवलं. मी शहरात, पगारदार आईबापांची मुलं सांभाळते. पण माझ्या हौदाचं मूळ मला त्या टेकडीवर सापडतं.

जून ते सप्टेंबर हौद झाकलेला असतो. तेव्हा व्हरांड्यात मोठ्या पराती मांडतो, प्रत्येकीत तीन-चार तांबे वाळू, खाली जुनी चादर. खेळ संपला की चादरीची चार टोकं मुलंच धरतात आणि मध्ये जमलेली वाळू परातीत ओततात. पाऊस सरला की दिवाळीचा किल्ला. तो अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, कारण लाल माती एकदा हौदात शिरली की वाळूचा चिखल होतो आणि सुकल्यावर ढेकळं. किल्ल्यावर हळीव पेरतो, चार-पाच दिवसांत हिरवळ येते. वर्षभर वाळूत बुरूज पाडलेल्या आणि उभारलेल्या मुलांना उतार किती ठेवला तर माती टिकेल, हे सांगावं लागत नाही.

फ्लॅटमध्ये पाळणाघर चालवणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, तुझ्याकडे अंगण आहे म्हणून जमतं. मी त्यांना परात आणि चादर दाखवते. जागेपेक्षा वेळ काढणं कठीण असतं, हे मी जाणून आहे. सहा वाजता न्यायला येणाऱ्या पालकांसाठी मुलं स्वच्छ, भांग पाडून तयार ठेवायची असतात, आणि आपण स्वतः भराभर हात-पाय धुऊन टाकले तर काम पाच मिनिटांत उरकतं. पण तेव्हा मूल फक्त धुऊन घेतं. वीस मिनिटं दिली तर ते स्वतः झटकतं, धाकट्याची पाठ ब्रशने साफ करतं, सांडलेली वाळू सुपलीत भरून जागेवर नेतं. आपण केलेला पसारा आपल्याला आवरता येतो, हे ज्या मुलाला कळलं ते पुढे पसारा करायला घाबरत नाही, आणि पसारा केल्याशिवाय कुणालाच नवं काही करता येत नाही. म्हणून हौद बांधायला निघालेल्या प्रत्येकीला माझं सांगणं आहे: टब, ब्रश आणि पोतं आधी आणा, वेळापत्रकात आवरायची वीस मिनिटं लिहा, आणि त्यानंतर वाळूच्या टेम्पोला फोन करा.