एका केबलवरच्या दोन डिस्क

मामांचं माझ्यावर जे ऋण आहे त्याची पावती कुठेच नाही, कारण त्या कामाचे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत. उमेदीची वर्षं उद्यमनगरात लेथवर काढून ते कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले होते. शाहूपुरीत माझं डीटीपीचं दुकान होतं. तिथे सगळे त्यांना मामाच म्हणत.

२००३ च्या सुमारास लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, तालमींच्या पावत्या यांनी माझी २० जीबीची हार्ड डिस्क गच्च भरली. ८० जीबीची नवी आणली. जुनी काढून टाकणं परवडणारं नव्हतं. गिऱ्हाईक कधीही येऊन म्हणे, "थोरलीची पत्रिका होती तशीच धाकटीची काढा." मामा म्हणाले, "दोन्ही एकाच केबलवर बसवू की. पण हात तुझा चालंल, माझा न्हाई."

आधी त्यांनी मला नुसतं बघायला लावलं. आयडीईची ती रुंद, चपटी केबल. जोड ४० पिनांचा, तारा मात्र ८०. जादा ४० कशाला, असं विचारल्यावर मामा खुलले. "त्या अर्थिंगच्या. वेग वाढला की एका तारेचा सिग्नल शेजारच्या तारेत घुसतोय, म्हणून मधनं एकेक तार." निळं टोक मदरबोर्डला, दुसऱ्या टोकाचं काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. लाल कड एक नंबरच्या पिनेकडे.

मग डिस्कच्या मागचा जंपर, तांदळाच्या दाण्याएवढा. चिमट्याने सरकवून मी नवी मास्टर केली, जुनी स्लेव्ह. तो कुठे बसवायचा हे डिस्कच्या लेबलवर छापलेलं असतं आणि कंपनीगणिक बदलतं. काहींत तर डिस्क एकटी असताना एक जागा आणि जोडीला दुसरी असताना वेगळी. "पाठ करू नगंस, वाच," मामा म्हणाले. दोघींना वाट एकच, म्हणून मान आधीच ठरवावा लागतो. दोन्ही मास्टर ठेवल्या तर दोघी एकदम उत्तर देतात आणि बायोसला धड एकही ओळखता येत नाही. डिस्क एकच असेल तर ती टोकाला लावायची. मधे लावली की पुढचा मोकळा लोंबता तुकडा सिग्नल परत फिरवतो आणि माहिती बिघडू शकते. प्रत्येक गोष्टीमागचं कारण ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेत. मशीन सुरू झालं, पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक उमटली, आणि मामा चहा न घेताच उठले.

जुलै २००५ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि आमच्या गल्लीत पाणी शिरलं. मॉनिटर, प्रिंटर, कॅबिनेट, सगळं उचलून नेणं शक्य नव्हतं. त्या दिवसांत मामांच्या घरातही पाणी होतं, त्यांना हाक मारण्याचा प्रश्नच नव्हता. मी स्क्रू काढले, दोन्ही डिस्क प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या आणि राजारामपुरीत उंचावर राहणाऱ्या मित्राकडे गेलो. दुकान बुडालं. मित्राच्या मशीनवर त्याची डिस्क मास्टर ठेवली आणि माझी एकेक डिस्क स्लेव्ह करून मधल्या जोडाला लावली. सगळं काम जागच्या जागी होतं. एका पतसंस्थेचा अहवाल मी त्याच मशीनवरून वार्षिक सभेआधी छापायला पाठवला.

मामांनी त्या दुपारी स्वतःच्या हाताने दहा मिनिटांत डिस्क बसवून दिली असती, तरी मी त्यांचे आभारच मानले असते. पण मग पुरात माझ्यापाशी काहीच नसतं. मला त्यांचा हा मोठेपणा फार उशिरा कळला. पाणी ओसरल्यावर पैसे पुढे केले, तर म्हणाले, "ते ठेव. गल्लीत कुणाकुणाच्या डिस्का वाचल्यात ते बघ. मी एकटा कुठंकुठं पुरा पडू?"

तेव्हापासून बघतोय. आता साटा आली, प्रत्येक डिस्कला तिची स्वतंत्र केबल, मास्टर-स्लेव्हची भानगडच राहिली नाही. तरी कुणी वडिलांचे हिशेब नाहीतर बारशाचे फोटो असलेली जुनी डिस्क घेऊन येतं. मी त्यांना शेजारी बसवतो, लेबल वाचायला सांगतो आणि चिमटा त्यांच्या हातात देतो.