कचरा उचलणारा नायक

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातली नाटकं जरा आठवून पाहा. त्यात राजा असतो, प्रधान असतो, एखादा राक्षसही असतो. पण रोज सकाळी कचरा उचलणारा माणूस नाटकाचा नायक झालेला कधी पाहिलाय? नाही ना? अशा माणसाला नायक करणारे अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सन यांची आज ओळख करून घेऊ या.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ. थोडं कसलं, अडीच हजार वर्षं! प्राचीन ग्रीसमध्ये देवाच्या उत्सवात गाणारा-नाचणारा मेळा असे. असं मानतात, की थेस्पिस नावाचा एक जण त्या मेळ्यातून वेगळा झाला आणि एखादं पात्र होऊन बोलू लागला. हा पहिला नट, बरं का! पुढे एस्किलसने दुसरा नट आणला आणि दोन पात्रांचा संवाद सुरू झाला. तरी गोष्टी होत्या त्या देवांच्या नि वीरांच्याच. शेक्सपिअरच्या शोकांतिकांतही बहुतेक नायक राजे, राजपुत्र नाहीतर सेनापती. १८७९ साली नॉर्वेच्या इब्सेनचं 'डॉल्स हाउस' आलं आणि मध्यमवर्गीय घरातली गृहिणी नायिका झाली. नाटकाचं दार साध्या माणसांसाठी हळूहळू उघडत होतं.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना मात्र खूप थांबावं लागलं. १९व्या शतकात तिथे गोरे नट तोंडाला काळा रंग फासून त्यांची टिंगल करायचे आणि प्रेक्षक हसायचे. ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कची मोठी रंगभूमी. तिथे कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं पहिलं नाटक आलं ते थेट १९५९ साली. लेखिका होती लोरेन हॅन्सबेरी आणि दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स.

पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग शहरात १५ वर्षांच्या ऑगस्टने शाळा सोडली. का? त्याने नेपोलियनवर वीस पानी निबंध लिहिला होता. 'हा तू लिहिलेला नाहीस,' असं शिक्षकांनी ठरवून टाकलं. ऑगस्टने निबंध फाडून टोपलीत टाकला. पुढचे काही दिवस तो मुख्याध्यापकांच्या खिडकीबाहेर बास्केटबॉल खेळत राहिला. कुणीतरी येऊन विचारेल, 'बाळ, वर्गात का नाहीस?' कुणीच विचारलं नाही.

आई लोकांच्या घरी साफसफाईची कामं करायची. तिला कळू न देता तो रोज शाळेच्या वेळी कार्नेगी ग्रंथालयात जाऊन बसू लागला. तीच त्याची शाळा! उरलेला वेळ तो हिल डिस्ट्रिक्ट या आपल्या वस्तीत भटकायचा. पानपट्टीसारख्या दुकानांत म्हातारी माणसं गप्पा मारत बसत. हा कोपऱ्यात उभा राहून त्यांचं बोलणं ऐके. १९६५ साली त्याने वीस डॉलरला एक जुना टाइपरायटर घेतला.

नाटककार होणं सोपं नव्हतं. एका नामांकित नाट्यकेंद्राकडून विल्सन यांची नाटकं पुन्हा पुन्हा साभार परत आली. १९८२ साली एक स्वीकारलं गेलं. त्या केंद्राच्या नाटककार परिषदेचे प्रमुख कोण होते माहितेय? तेच लॉइड रिचर्ड्स! १९८४ मध्ये ते नाटक ब्रॉडवेवर पोचलं.

पुढच्या 'फेन्सेस' या नाटकात ट्रॉय मॅक्सन हा कचरा उचलणारा कामगार आहे. 'गोऱ्यांनी गाडी चालवायची आणि आम्ही फक्त कचरा उचलायचा, असं का?' असं तो साहेबाला विचारतो. तरुणपणी तो उत्तम बेसबॉल खेळायचा, पण रंगामुळे त्याला मोठ्या संघांची दारं बंद होती. म्हणून तो मुलालाही खेळू देत नाही. कुणाचं बरोबर, बापाचं की मुलाचं? वाचताना मला माझे मामा आठवले. ते एसटीत कंडक्टर होते. घरातल्या वादात दोघांचंही खरं असतं, हे मी त्यांच्याच घरी पाहिलं होतं. ते नाटकात येऊ शकतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

'फेन्सेस'ला १९८७ साली पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि १९९० साली 'द पियानो लेसन'ला दुसरं. विल्सन यांनी २०व्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक, अशी दहा नाटकं लिहिली. त्यांतली नऊ हिल डिस्ट्रिक्टमध्येच घडतात! १९९९ साली कार्नेगी ग्रंथालयाने या शाळा सोडलेल्या वाचकाला चक्क डिप्लोमा दिला. २००५ साली विल्सन वारले. त्याच महिन्यात ब्रॉडवेवरच्या एका नाट्यगृहाला त्यांचं नाव देण्यात आलं.

तेव्हा मित्रांनो, यंदा संमेलनासाठी नाटक लिहायचं असेल, तर आधी आजीशेजारी, रिक्षावाल्या काकांशेजारी जाऊन बसा. ती कशी बोलतात, कुठे थांबतात, ते नीट ऐका. आणि पालकांनो, खिडकीबाहेर भलत्या वेळी चेंडूचा आवाज आला, तर नुसतं रागावू नका. बाहेर जाऊन एकदा विचारा तरी.