तेल चांगलं होतं, मोजणी चुकीची होती

घाण्यावरून आणलेल्या शेंगदाण्याच्या तेलात भेसळ आहे, असं मी थोरल्या काकांना सांगितलं. आमच्या वाटूर गावात अशी गोष्ट दुपारपर्यंत फाट्यावर पोचते. काका तेलाचा डबा घेऊन घाण्यावर गेले आणि चारचौघांत मालकाला नाही नाही ते बोलून आले. तेल चांगलं होतं. चूक माझी होती, आणि ती एकच नव्हती.

मी घरी वर्णपटमापक बनवला होता. थ्रीडी प्रिंटरवर छापलेली पेटी, एका टोकाला प्रकाश आत येण्यासाठी फट, आत चकाकता थर सोलून काढलेल्या डीव्हीडीचा पारदर्शक तुकडा आणि त्यामागे वेबकॅम. डीव्हीडीच्या रेषांमध्ये 0.74 मायक्रॉनचं अंतर असतं, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साधारण 1350 रेषा. प्रकाशाचे रंग वेगळे करायला तेवढं पुरतं.

पहिली पेटी पांढऱ्या फिलामेंटची छापली, कारण घरात तेच होतं. फट बोटाने झाकली तरी स्क्रीनवर भुरकट उजेड दिसायचा. तो कॅमेऱ्याचा दोष समजून मी प्रत्येक मोजणीतून वजा करत राहिलो. उजेड पातळ भिंतीतून झिरपत होता. पेटी काळी केली, आतून काळा कागद लावला, तेव्हा तो थांबला. फटही मी छापलीच होती, पण 0.4 मिलिमीटरच्या नोझलमधून धारदार कड निघत नाही. शेवटी दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे समोरासमोर चिकटवले आणि मध्ये कागदाच्या जाडीएवढी जागा ठेवली. सीएफएल दिवा समोर धरला. आधी जाड पट्ट्यासारखी दिसणारी त्यातल्या पाऱ्याची हिरवी रेषा केसासारखी बारीक, स्वच्छ उभी राहिली. रात्रीचे अकरा वाजले होते. आईला उठवून दाखवली.

त्या आनंदात तरंगलांबीचं अंकन, म्हणजे स्क्रीनवरची कोणती जागा किती नॅनोमीटरची हे ठरवणं, मी उरकून टाकलं. पाऱ्याच्या दोनच रेषा घेतल्या, 435.8 आणि 546.1 नॅनोमीटर, आणि तीच सरळ रेघ लाल टोकापर्यंत ओढली. दोन बिंदूंतून सरळ रेघ जातेच, त्यामुळे चूक कळायला वाव राहत नाही. गॅसच्या ज्योतीत मिठाचे खडे धरले असते तर सोडियमचा पिवळा 589 वर येतो की नाही, हे पाच मिनिटांत कळलं असतं. धरले नाहीत.

आणि लगेच तेल. काकांनी दोन बाटल्या दिल्या, एक घरच्या शेंगांच्या तेलाची, दुसरी घाण्यावरच्या विकतच्या तेलाची. निळ्या भागात दोन आलेख वेगळे आले आणि मी निकाल दिला. वेबकॅमचं एक्स्पोजर ऑटोवर होतं. गडद बाटली आली की कॅमेरा स्वतःच उजेड वाढवायचा, फिकी आली की कमी करायचा. शिवाय एक बाटली काचेची होती, दुसरी प्लास्टिकची. आठवड्याने तीच बाटली लागोपाठ दोनदा ठेवली, मध्ये फक्त खोलीतला दिवा बंद केला, तर दोन वेगळे आलेख आले. पोटात गोळा आला. मोजणी बिनचूक असती तरी निकाल चुकलाच असता: शेंगदाणे किती भाजले, तेल कसं गाळलं, किती दिवस ठेवलं, यानेही रंग बदलतो. रंगातला फरक म्हणजे भेसळ नव्हे.

त्या दिवसांत मी खगोलशास्त्रज्ञ कावसजी नेगमवालांबद्दल वाचत होतो. 22 जानेवारी 1898 ला पुण्याच्या वेधशाळेतर्फे ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला खग्रास सूर्यग्रहणाचे वर्णपट टिपायला गेले होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. अहवाल छापून आला तो 1902 मध्ये. मी एक रात्रही थांबलो नव्हतो.

घाण्यावर मी स्वतः गेलो, काका बोलले होते त्याच वेळेला, म्हणजे गर्दी असताना. चूक माझी होती हे सगळ्यांसमोर सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

आता एक्स्पोजर हाताने बांधलेलं असतं, अंकनाला पाच रेषा घेतो आणि प्रत्येक मोजणीआधी मिठाची ज्योत बघतो. ती 589 च्या जागी 590 दाखवते. तेलाची बाटली कुणी आणली तर मी ती उघडत नाही, अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत द्यायला सांगतो.