कोरे चौकोन

"आपला खंडाळा निळा कवा झाला गं?"

तात्यांनी ओसरीवर नकाशा पसरला होता. कागद उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर अडकित्ता, चुन्याची डबी, चष्म्याचं घर आणि एक कांदा. मी पुण्याहून खास प्रिंट काढून आणली होती. तालुकावार पावसाचा नकाशा होता तो, कमी पाऊस तिथे फिका निळा आणि जास्त पाऊस तिथे गडद. माझं पहिलं मोठं काम. तात्यांनी आधी नीरा नदीची रेघ शोधली, तिच्या काठाकाठानं बोट पुढे नेलं, शिरवळपाशी जरा थांबले, मग बोट खाली घसरलं आणि गर्द निळ्यावर टेकलं. महाबळेश्वराच्या खालोखाल गर्द.

ते हसले नाहीत. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. एवढा शिकलेला कागद, त्यात काहीतरी असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

चूक मला रात्री सापडली. पावसाचे आकडे एका यादीत होते, तालुक्यांच्या सीमा दुसऱ्या यादीत, आणि मी दोन्हींची गाठ नावावरून मारली होती. महाराष्ट्रात खंडाळा एक नाही. लोणावळ्याशेजारचं बोरघाटातलं खंडाळा सगळ्यांना माहीत. तिथे पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाणी पडतं. आमचा खंडाळा सातारा जिल्ह्यातला, पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढायच्या आधी लागणारा. वर्षाला पाचशेच्या आसपास. घाटातल्या खंडाळ्याचा सगळा पाऊस मी माझ्याच गावावर ओतला होता, आणि ते मला न कळता तात्यांना कळलं. कागद अजून छापायला गेला नव्हता, एवढंच नशीब. तेव्हापासून मी कुठल्याही गावाची गाठ नावावरून मारत नाही. जनगणनेतला सांकेतांक जुळला तरच पुढे जाते.

माझ्या कामाला मराठीत अजून सुटसुटीत नाव नाही. डेटा व्हिज्युअलायझेशन म्हणतात. गावात कोणी विचारलं तर सांगते, आकड्यांची चित्रं काढते. लोक मान डोलावतात. पण आकडे कुठून आले आणि चित्र कुणाच्या टेबलावर जाणार, या दोन गोष्टींच्या मधे बसून रोज जे ठरवावं लागतं, ते या उत्तरात येत नाही. कुठली सीमा धरायची, कुठे रंग बदलायचा, काय मोकळं सोडायचं. रंग बदलला की मदत बदलते, हे आमच्या भागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

सातारा जिल्हा तर या कामाची परीक्षाच घेतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. तिथून पाचगणीला या, पाऊस तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पसरणीचा घाट उतरून वाईत पोचा, सात-आठशे. खंबाटकी ओलांडून आमच्याकडे या, पाचशे. सकाळी निघालेली एसटी दुपारच्या जेवणापर्यंत हे सगळं पार करते. लहानपणी सहलीला महाबळेश्वरला गेलो होतो तेव्हा दप्तरं, चपला, डबे सगळं ओलं झालं होतं, आणि संध्याकाळी परत आलो तर आमच्या पांदीत धूळ उडत होती. त्या धुळीत आमच्या ओल्या चपलांचे ठसे उमटत गेले, ते घरापर्यंत. अशा जिल्ह्याची सरासरी काढली तर जो आकडा येतो, तेवढा पाऊस जिल्ह्यात फार थोड्या ठिकाणी पडत असेल. तरी तो छापला जातो, आणि त्याला एक रंग मिळतो.

चौकोन केवढा धरायचा, इथेच सगळं आहे. हवामान खात्याच्या हिशेबात सातारा 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात येतो. त्यात नाशिकही आहे, सोलापूरही आणि महाबळेश्वरही. इंग्रजी अमदानीत खंडाळा हा वाई तालुक्याचा पेटा होता. तसाच राहिला असता तर आमच्या बाजरीचा हिशेब वाईकडच्या जोर खोऱ्यातल्या धो धो पावसात मिसळला असता, आणि कागदावर आम्ही सुखी दिसलो असतो. तालुका झाला, चौकोन लहान झाला, तेव्हा कुठे आमचं कोरडेपण दिसायला लागलं. पण तालुक्यातही नीरेच्या बाजूला कालव्याखालचा ऊस आहे आणि डोंगराच्या कुशीला हुलगा-मटकीची वरकस रानं आहेत. उपग्रहाला ऊस हिरवा दिसतो. हुलगा फारसा दिसत नाही.

३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सातारा जिल्ह्यातली दोन नावं होती, वाई आणि खंडाळा. माण आणि खटाव, ज्यांची नावं दुष्काळाशिवाय कोणी घेत नाही, त्यात नव्हती. तिथे लोक चिडले. चिडणारच. यंत्रणेनं त्या वर्षीची तूट मोजली होती, नेहमीचं कोरडेपण नाही. मग नोव्हेंबरात चौकोन लहान करून हजारभर महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मान्य झाली. सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी, अशी अट. मी ते दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावून कितीतरी वेळ बघत होते. आकडे बदलले नव्हते. फक्त रेघा बदलल्या होत्या, आणि त्यानं केवढी माणसं आत आली.

रंगाचंही तसंच. हवामान खात्याच्या नकाशात सरासरीहून २० ते ५९ टक्के कमी पाऊस झाला की तो भाग लाल, आणि ६० टक्क्यांहून जास्त तूट आली की पिवळा. जाणणाऱ्यांना सवय झालेली असते. पण नकाशा आता बातम्यांतून घराघरात जातो, आणि शेतकऱ्याच्या डोळ्याला लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे त्याहून बरा. सगळ्यात तहानलेला भाग डोळ्याला निवांत वाटतो. मला हे फार लागतं. आपल्या हातातलं साधन माणसाला उलटं वाचायला लावत असेल तर रंग बदलायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

यातलं बरंच मी पुढे पुस्तकांतून आणि कामातून शिकले. पण चौकोन भरायचा कसा, हे तात्यांच्या कॅलेंडरांनी शिकवलं.

तात्या माझे चुलते. सातवी शिकलेले. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला कालनिर्णय आणि त्याला सुतळीनं बांधलेली पेन्सिल. रोज सकाळी रानातून येऊन हात धुतले की ते त्या दिवसाच्या चौकोनात काहीतरी करत. नुसती भुरभुर झाली, पांदीतली धूळ बसली, एवढाच पाऊस असेल तर कोपऱ्यात एक ठिपका. पागोळ्या लागल्या तर खाली एक आडवी रेघ. त्याहून जास्त असेल तर रानात कुदळीनं खोचून बघायचं, ओल किती बोटं गेली. दोन बोटं गेली तर चौकोन अर्ध्याच्या आत, चार बोटं गेली तर अर्धा, वीतभर गेली तर पूर्ण काळा. ओढ्याला पाणी आलं तर दोन नागमोडी रेघा. आणि वापसा आला, म्हणजे औत घालण्याजोगं रान झालं, की तारखेभोवती गोल.

सरकारी मोजणी आभाळाची असते. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं, २.५ मिलिमीटर भरलं तर तो पावसाचा दिवस. ती नीट व्हायलाच हवी, तिच्याशिवाय माझं कामच नाही. पण तात्या जमिनीची मोजणी करत होते. पडलं किती यापेक्षा मुरलं किती. त्यांची चार बोटं म्हणजे किती मिलिमीटर, ते मी कधी ठरवायला गेले नाही. काळ्या रानातली चार बोटं वेगळी आणि मुरमाडातली वेगळी, आणि दोन्ही खरी.

आषाढात मात्र त्यांचं बोट कॅलेंडरवर नसे. माउलींची पालखी नीरास्नान करून आमच्या तालुक्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. तिथून तात्या वारीला जायचे, पंढरपूरपर्यंत, दहा-बारा दिवस. तेवढ्या दिवसांचे चौकोन काकू सांभाळायची. तिला पेन्सिल धरायला आवडायचं नाही. पाऊस झाला की ती कुंकवाचं बोट टेकवायची. जास्त झाला तर दोन, फार झाला तर बोट दाबून फिरवायची. त्यामुळे जवळजवळ दर वर्षीच्या कॅलेंडरात शिसाच्या करड्या रंगात मधेच एक लाल पट्टा येतो. तात्या गेल्यावर काकूनं करंडा ट्रंकेत ठेवून दिला. पण खिळ्यावरचं कॅलेंडर तिनं काढलं नाही. आता मिसळणाच्या डब्यातल्या हळदीचं बोट असतं.

ती सगळी कॅलेंडरं मागच्या वर्षी मी पुण्याला आणली. कालनिर्णय १९७३ पासूनचं. बहात्तरच्या दुष्काळाला चौकोनच नव्हते, तो तात्यांच्या फक्त बोलण्यात होता. आमच्या घरातली नोंद त्याच्या बरीच नंतर सुरू होते. तरी एक पान, एक महिना, असं करत सगळा पावसाळा एका पट्टीत आणि सगळ्या पट्ट्या एकाखाली एक अशी मांडणी केली, तेव्हा पहिल्यांदा आमच्या रानाचा पाऊस मला सलग दिसला. आणि सगळ्यात आधी जे दिसलं ते कोरं होतं. जूनच्या शेवटाला गर्द, आणि मग कोरं, कोरं, कोरं. मधेच एक ठिपका, परत कोरं. पाऊस थांबून राहतो त्याला आपण खंड म्हणतो. पावसाचा खंड. वर्षाच्या बेरजेत खंड दिसत नाही. जूनमध्ये दोनदा ओढा वाहिला आणि सप्टेंबरात एकदा, तर स्तंभालेखात तो पावसाळा भरल्या अंगाचा दिसतो, आणि मधल्या पंचवीस दिवसांत बाजरी फुलोऱ्यातच वाळून गेलेली असते. पीक विम्यात सुद्धा २०२४ पर्यंत २१ दिवसांच्या खंडाला अर्थ होता. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. काकूच्या त्या पानावर हळद जवळजवळ नाहीच.

एका कामात हीच मांडणी मी वापरायचं ठरवलं तेव्हा समोरच्यांनी सुचवलं, कोरड्या दिवसांना लाल करा, उठून दिसेल. मी नाही म्हटलं. कोरडा दिवस कागदाचाच रंग घेऊन यायला हवा. काहीच झालं नाही, याला मी रंग दिला तर काहीतरी झालं असं दिसेल. डोळ्याला वाट बघायला लावायची होती, चौकोनामागून चौकोन, जशी आम्ही ओसरीवर बसून आभाळाकडे बघत लावायचो. त्यांना ते पटायला दोन बैठका लागल्या.

पण कोऱ्यातही एक अडचण असते, आणि तिनं मला अजून सोडलेलं नाही. पाऊस पडला नाही तो चौकोन कोरा, आणि कोणी लिहिलं नाही तोही कोराच. एक्सेलमध्ये रिकामा रकाना बेरजेला बसला की गुपचूप शून्यासारखा वागतो. मोजणारा आजारी होता, यंत्र बंद होतं, आणि चित्रात तिथे दुष्काळ उमटतो. म्हणून ज्याची नोंदच नाही तो चौकोन मी तिरप्या बारीक रेघांनी काढते. इथे आम्हाला माहीत नाही, एवढंच त्या रेघा सांगतात. छापणाऱ्यांना त्या रेघा आवडत नाहीत, चित्र मळल्यासारखं दिसतं म्हणतात. पण मी त्या पुसू देत नाही.

तात्यांच्या पट्ट्यांत एकाच वर्षी अशा रेघा आल्या. एका आषाढात बारा चौकोन कोरे होते. शिसं नाही, कुंकूही नाही. त्या साली काकूही वारीला गेली होती, आणि घर शेजारच्यांच्या भरवशावर. मी रेघा मारल्या आणि पुढे गेले. दिवाळीत गावी गेले तेव्हा पट्ट्यांची गुंडाळी तिच्यासमोर ओसरीवर पसरली. कोपऱ्यांवर ठेवायला तिनं पाट, तांब्या, असं काहीबाही आणलं. तिला वाचता येत नाही, पण लाल कुठला आणि पिवळा कुठला हे सांगावं लागलं नाही. हात फिरवत फिरवत ती त्या रेघांपाशी थांबली.

"हे काय खरवडलंय?"

मी सांगितलं, त्या दिवसांचं माहीत नाही. तुम्ही दोघंही नव्हता.

"माहीत न्हाई कसं?" ती म्हणाली. "आम्ही परत आलो तर उंबऱ्याच्या फटीत गवत आलं हुतं. तात्यांनीच उपटलं, पिशवी खाली ठेवायच्या आधी."

मी पेन्सिल काढली. काकू, मग ओल किती गेली असंल? किती बोटं?

तिनं दोन बोटं उभी केली. मग अंगणात बघत जरा वेळ गप्प राहिली, आणि तिसरं अर्धं उचललं.