रॅमची जोडी जमवताना

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. मुले त्यावर परीक्षांचे अर्ज भरतात. तो फार अडू लागला, म्हणून वर्गणी काढून आणखी एक रॅम घ्यायचे ठरले. दुकानदार म्हणाला, "साहेब, कुठलीही टाका, चालते!"

हे अर्धेच खरे. डीडीआर-३ ची खाच डीडीआर-४ हून वेगळ्या जागी असते; ती खोबणीत बसतच नाही. एकाच पिढीच्या, पण वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या बहुधा चालतात. २४०० सोबत ३२०० लावली, तर सहसा दोन्ही २४०० नेच चालतात. कंपनी एकत्र तपासून देते ती एकाच पाकिटातली जोडी.

आम्ही पेन ड्राइव्हवरून रात्रभर मेमटेस्ट चालवली. पट्ट्या एकेकट्या निर्दोष, जोडीने मात्र चुका! संगणक वरवर ठीक चालतो आणि शेवटच्या तारखेला अर्ज भरताना बंद पडतो, तो अशानेच. पावतीवर 'बदलून मिळेल' असे आधीच लिहून घेतले होते, म्हणून पट्टी बदलता आली.

बंधू-भगिनींनो, जुनी पट्टी दुकानात सोबत न्या, तिच्यावरचे आकडे जुळवा आणि पावती घ्याच. वर्गणीचा रुपया घामाचा असतो.