दांडू

आयरिश लोकांच्या हर्लिंग नामक खेळातील काठी ॲश वृक्षाच्या बुंध्यातून, जेथे खोड मुळांकडे वळते त्या भागातून काढतात. लाकडाचे रेषे वळणाबरोबर वळल्यामुळे तिचे रुंद टोक सहसा दुभंगत नाही. २०१८ साली युनेस्कोने या खेळास मानवजातीच्या वारशात स्थान दिले. परंतु २०१२ साली तेथील ॲशवृक्षांवर बुरशीचा रोग आढळला, आणि काठीसाठी लाकूड कोठून आणावे ही चिंता त्या लोकांस लागली. हे वाचून आम्हांस आमच्या दांडूचे स्मरण झाले. त्याची चिंता वाहणारे कोणी नाही.

दांडूस ना वळण, ना पाते. हात-दीड हात लांबीचा बाभळीचा सोट, घरातील कोयता आणि सुट्टीची दुपार, एवढ्या भांडवलावर तो सिद्ध होई. कोल्हापुरात कुस्तीस खासबागेचे मैदान मिळाले, फुटबॉलास पेठापेठांतून संघ लाभले. दांडूस गल्ली पुरली. (विटीने कोणाचा डोळा जाईल या धास्तीने आयाबायांचा त्यावर कायमचा रोष असे, हेही नमूद केले पाहिजे.)

मात्र त्याच्या अंगी एक गुण असा की, जो टोला मारी तोच मापही घेई. क्रिकेटची बॅट धावा मोजीत नाही. दांडू मात्र विटीपासून गलीपर्यंत आडवा पडत पडत स्वतःच्या पराक्रमाचा हिशेब स्वतःच देई. आणि हा हिशेब मराठीत नसे! वकट, लेंड, मूंड, नाल अशी ती गणती. माप ज्या अंकावर थांबे त्यावरून पुढचा टोला पायावरून मारावयाचा, मुठीवरून की डोळ्यावरून, हे ठरे. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे तेलुगू अंक ज्यास ठाऊक आहेत, त्यास अधिक सांगणे नलगे. नवल हे की, आमचा शेजार कानडीचा, आणि कानडीत एकास ओंदु व दोहोंस एरडु म्हणतात. शेजाऱ्यास ओलांडून आलेले हे अंक कोणाच्या पडशीतून आले, याचा तर्क पंडितांनी खुशाल करावा. पावकी-निमकीपाशी अडखळणारी आम्ही पोरे मात्र ते अस्खलित म्हणत असू, आणि आपण परभाषा बोलत आहो याची आम्हांस वार्ताही नसे.

परवा वर्गात आम्ही ‘वकट म्हणजे काय’ असे विचारले. दोनच हात वर झाले, दोन्ही खेड्यांतून येणाऱ्या मुलांचे. त्यांतील एक नालापर्यंत आला व थांबला. पुढचे आजोबांना विचारून सांगतो, म्हणाला.